पाचाची तीन डोकी

आपल्या सभांमधून एक वाक्य सारखं ऐकू येतं. माईक हातात आला की पोरगं छाती फुगवून सांगतं, अमेरिकेच्या घटनेनं काळ्या माणसाला तीन पंचमांश माणूस ठरवलं! टाळ्या पडतात. मीही कधीकाळी या वाक्यावर टाळ्या घेतल्यात. पण दोस्तहो, हे वाक्य अर्धं आहे. आणि अर्धं वाक्य घेऊन वादाला गेलं की समोरचा शिकलेला ते उलटं करून आपल्याच अंगावर घालतो. माझ्यावर घातलं होतं एकानं. तो एवढंच म्हणाला, 'मग तुमचं म्हणणं काय, गुलाम पूर्ण मोजायला हवे होते? तेच तर गुलामांचे मालक मागत होते!' मी गप्प. त्या दिवशी घरी आलो आणि वाचायला बसलो.

तर ऐका. गुलामाला पूर्ण माणूस मोजा, असं म्हणत होता गुलामाचा मालक. आणि अजिबात मोजू नका, असं म्हणत होता गुलामगिरीचा विरोधक. हे उफराटं का, हे कळल्याशिवाय संसदेतल्या जागांचं राजकारण कळत नाही. तिकडचंही नाही, इकडचंही नाही.

साल १७८७. तेरा वसाहती इंग्रजांच्या तावडीतून सुटलेल्या. त्यांचं एक ढिलं मंडळ होतं. त्याच्या काँग्रेसमध्ये (ही आपली काँग्रेस नव्हे) प्रत्येक राज्याला एक मत. व्हर्जिनियासारख्या थोरल्या राज्याला एक आणि डेलावेअरसारख्या चिमुकल्यालाही एकच. कर वसूल होत नव्हता, लढाईचं कर्ज डोक्यावर, आणि मूळ करारात काना बदलायचा तर तेराही राज्यांचा होकार लागायचा. म्हणून मे महिन्यात फिलाडेल्फियाला घटना परिषद भरली. एकूण पंचावन्न माणसं हजर राहिली, बारा राज्यांची. र्‍होड आयलंडनं कुणाला पाठवलंच नाही. दारं बंद, दारावर पहारा, आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम. पंचावन्नात बाई एक नाही, काळा एक नाही, तिथला मूळचा आदिवासी एक नाही. निम्म्याच्या आसपास लोक गुलाम बाळगणारे. अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन, तोही मळेवाला.

२९ मे रोजी व्हर्जिनियानं आपली योजना मांडली. दोन सभागृहं, आणि दोन्हीकडं जागा लोकसंख्येच्या किंवा कराच्या वाट्याच्या प्रमाणात. म्हणजे थोरल्याचं दोन्हीकडं चांगभलं. छोटी राज्यं बिथरली. १५ जूनला न्यू जर्सीच्या पॅटर्सननं उलट योजना टाकली. एकच सभागृह, आणि प्रत्येक राज्याला सारखं मत, जुनं होतं तसंच. मग जुगलबंदी जुंपली. थोरले म्हणायचे, माणसं मोजा, राज्यं काय कागदावरच्या रेघा. धाकटे म्हणायचे, आम्ही स्वतंत्र राज्यं म्हणून आलोय, तुमच्या पोटात जायला नाही आलो. ३० जूनला डेलावेअरचा बेडफर्ड इतका तापला की तुमच्यावर आमचा विश्वास नाही, असं त्यानं थोरल्यांना तोंडावर सुनावलं. वेळ आली तर आम्ही बाहेरच्या एखाद्या सत्तेचा हात धरू, अशी धमकीही दिली.

या भांडणात मधला रस्ता सुचवला कनेक्टिकटच्या रॉजर शेर्मननं. हा गडी उमेदीच्या वयात जोडे शिवून पोट भरायचा. आपल्याकडं जोडे शिवणार्‍याला त्या काळी अशा दालनाच्या पायरीवरही कुणी उभं केलं नसतं, तिथं तो घटना लिहायला बसला होता, एवढा फरक मान्य करायला पाहिजे. पण लगेच त्याला डोक्यावर घेऊ नका. पुढं ऑगस्टमध्ये गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला तेव्हा हाच शेर्मन म्हणाला की हा धंदा मला पसंत नाही, पण एकीसाठी कलम आहे तसं राहू द्या. त्याची तडजोड अशी होती: खालच्या सभागृहात माणसांच्या प्रमाणात जागा, वरच्यात प्रत्येक राज्याला सारख्या. ११ जूनला त्यानं हे मांडलं तेव्हा ते मंजूर झालं नाही. २ जुलैला सारख्या मतांवर पुन्हा मतदान झालं तर पाच विरुद्ध पाच, आणि जॉर्जियाचे प्रतिनिधी आपसात फुटलेले. गाडा चिखलात. मग प्रत्येक राज्याचा एकेक माणूस घेऊन समिती नेमली आणि तिनं जवळपास शेर्मनचीच गोष्ट पुढं आणली. १६ जुलैला ती मंजूर झाली, पाच विरुद्ध चार, मॅसॅच्युसेट्स दुभंगलेलं. न्यू यॉर्कचे दोघे रागावून आधीच घरी गेलेले. एका मताच्या काठावर जगातल्या एका बलाढ्य देशाचं सिनेट उभं राहिलं.

शाळा-कॉलेजच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते. थोर तडजोड झाली, लहान-मोठी राज्यं सुखानं नांदू लागली. आपल्यासाठी गोष्ट इथं सुरू होते.

कारण खालच्या सभागृहात 'माणसांच्या प्रमाणात' म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो: माणसं म्हणजे कोण? १७९० च्या पहिल्या शिरगणतीत त्या देशात सुमारे ३९ लाख लोक भरले, त्यातले जवळपास ७ लाख गुलाम. एकट्या व्हर्जिनियात २ लाख ९२ हजार. ही माणसं बाजारात विकली जात होती, मालकाच्या मृत्युपत्रात घोड्यांबरोबर वाटली जात होती. मत नाही, कोर्टात गोर्‍याविरुद्ध साक्ष नाही, लेकरावर हक्क नाही. पण जागा मोजायची वेळ आली तसा दक्षिणेतल्या मालकांना अचानक साक्षात्कार झाला की ही तर माणसं! साउथ कॅरोलिनाच्या बटलर आणि पिंकनीनं तर मागणीच केली की गुलामांना गोर्‍यांच्या बरोबरीनं मोजा. बरोबरीनं! वाचताना डोळे चोळावे लागतात. समतेची एवढी कड त्या मळेवाल्यांनी आयुष्यात दुसर्‍यांदा घेतली नसेल.

तीन पंचमांशाचा आकडा आला कुठून? त्याचाही इतिहास चार वर्षं मागचा आहे, आणि तो चुकवू नये असा आहे. १७८३ मध्ये त्या जुन्या काँग्रेसमध्ये प्रश्न होता कराचा. कुठल्या राज्यानं किती पैसा द्यायचा ते लोकसंख्येवर ठरवू, असं निघालं. तेव्हा दक्षिणेवाले ओरडू लागले की गुलाम कसले मोजता, ते तर मालमत्ता, ते काम कमी करतात, त्यांना निम्मं धरा, पाव धरा. उत्तरेवाले म्हणू लागले, छे, जास्त धरा. ओढाताण होऊन आकडा ठरला पाचाला तीन. तो करार सगळ्या राज्यांनी मान्य न केल्यानं बारगळला, पण आकडा टिकला. चार वर्षांनी तोच आकडा जागांसाठी बाहेर काढला तेव्हा दोन्ही बाजूंनी जागा बदलल्या होत्या. द्यायची वेळ तेव्हा गुलाम म्हणजे गुरं. घ्यायची वेळ तेव्हा गुलाम म्हणजे माणसं. आपल्या गावातही हेच बघितलंय की आपण. मेलेलं ढोर ओढायला म्हारवाडा गावाचा, पाणवठ्यावर मात्र गावाबाहेरचा.

परिषदेत कुणी बोललं नाही असं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या गेरीनं ११ जूनलाच विचारलं होतं, तुमची मालमत्ता मोजायची तर आमची गुरं-घोडी का नाही? पॅटर्सननं ९ जुलैला मुद्द्यावर बोट ठेवलं: तुमच्या स्वतःच्या राज्याच्या विधिमंडळात तुम्ही गुलामांच्या नावानं जागा देत नाही, मग इथं का मागता? आणि सगळ्यात कडक बोलला गव्हर्नर मॉरिस. गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे. एका पायानं लाकडी, जिभेनं चाबूक. ८ ऑगस्टला त्यानं सांगितलं त्याचा मतलब असा: जो माणूस आफ्रिकेच्या किनार्‍यावर जाऊन माणसं त्यांच्या आप्तांपासून तोडून आणतो, त्याला तुमची घटना जास्त मतं देणार, आणि ज्याला या प्रकाराची किळस येते त्या पेनसिल्व्हेनियाच्या माणसाला कमी. म्हणजे गुलाम जितके जास्त आणाल तितक्या जागा जास्त. बक्षीसच की हो. त्यानं 'रहिवासी' या शब्दामागं 'स्वतंत्र' शब्द घाला अशी सूचना मांडली. अकरा राज्यांनी मतं दिली. बाजूनं एक, न्यू जर्सी. विरुद्ध दहा. त्या दहांत उत्तरेतली राज्यंही होती. मॉरिसचं स्वतःचं राज्यही.

आणि बघा, १६ जुलैला जो ठराव एका मतानं पास झाला त्यात सिनेटमधली बरोबरी आणि गुलामांचे तीन पंचमांश हे दोन्ही एकाच गाठोड्यात होते. राज्याराज्यांची समता आणि माणसामाणसांची विषमता एकाच दिवशी, एकाच मताला.

मॅडिसन हा व्हर्जिनियाचा, त्या योजनेमागचा मुख्य मेंदू, घरी गुलाम बाळगणारा. त्यानं ३० जूनला खरं ते बोलून टाकलं होतं. त्याचं म्हणणं असं की राज्यांमधला खरा भेद लहान-मोठ्याचा नाहीच. भेद आहे उत्तर-दक्षिणेचा, आणि त्याचं मूळ गुलाम असण्या-नसण्यात. पुढच्या इतिहासानं त्याचं बोलणं खरं केलं. लहान राज्यं एकीकडं आणि मोठी दुसरीकडं, अशी फळी त्या देशात पुढं कधी उभी राहिली नाही. ज्या भीतीपोटी महिनाभर आरडाओरडा झाला ती भीती हवेत विरली. जी गोष्ट कुजबुजत उरकली ती छातीवर बसली.

घटनेत 'गुलाम' हा शब्द नाही. 'इतर सर्व व्यक्ती' असं लिहिलंय. लाज होती म्हणायची. शिवाय गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करायचा नाही, पळालेला गुलाम धन्याला परत द्यायचा, हीही कलमं त्याच गोड भाषेत.

आता हिशोब मांडू. पाटी घ्या. १७९० च्या मोजणीवरून जागा वाटल्या, तेहतीस हजारांना एक. मॅसॅच्युसेट्सची वस्ती ४ लाख ७५ हजार, गुलाम एकही नाही. जागा १४. व्हर्जिनियात गुलाम सोडून माणसं सुमारे ४ लाख ५५ हजार, म्हणजे मॅसॅच्युसेट्सपेक्षा कमीच. जागा १९! वरच्या जागा कुणाच्या? शेतात तंबाखू खुडणार्‍या, पाठीवर वळ असलेल्या माणसांच्या. त्यांच्या नावावर त्यांचेच मालक दिल्लीला, चुकलो, राजधानीला जाऊन बसले, आणि तिथं बसून त्यांच्याच बेड्यांचे कायदे करू लागले. यापेक्षा जर तीन पंचमांशाऐवजी शून्य मोजलं असतं तर गुलामाचं भलं झालं असतं. आता कळलं ना, मी त्या दिवशी गप्प का झालो?

राष्ट्राध्यक्ष निवडणार्‍या मंडळातही याच जागा धरल्या जायच्या. १८०० मध्ये जेफरसनला ७३ मतं, अ‍ॅडम्सला ६५. गुलामांच्या मोजणीतून आलेली मतं वजा केली तर अ‍ॅडम्स जिंकला असता, असा हिशोब इतिहासकार मांडतात. 'सर्व माणसं समान जन्मतात' असं लिहिणारा माणूस गुलामांच्या डोक्यांवर पाय देऊन गादीवर चढला. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचे, चौघंही गुलामांचे धनी.

सिनेटचं काय? इथं घाई करू नका. सिनेटमधली बरोबरी गुलामगिरी वाचवायलाच आणली असं म्हणणं खोटं होईल. व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया या गुलामांच्या राज्यांनी तिच्याविरुद्ध मत दिलं होतं. त्यांना वाटायचं लोक दक्षिणेकडं वाढतील, लोकसंख्या आपलीच. झालं उलटं. उत्तरेत कारखाने आले, युरोपातून माणसांची रीघ लागली, आणि तीन पंचमांश धरूनही खालच्या सभागृहात दक्षिण मागं पडू लागली. तेव्हा तिला सिनेट आठवलं. तिथं डोकी मोजत नाहीत, राज्यं मोजतात. मग खेळ सुरू झाला राज्यांच्या जोड्यांचा. १८१९ मध्ये अकरा गुलामांची, अकरा मुक्त. मिसूरी गुलामांचं म्हणून घ्यायचं तर मेन मुक्त म्हणून घ्या, बारा-बारा. १८४६ मध्ये विल्मट नावाच्या सभासदानं सूचना आणली की मेक्सिकोकडून मिळणार्‍या मुलखात गुलामगिरी नको. खालच्या सभागृहात ती पास झाली, सिनेटमध्ये मेली. पुन्हा आणली, पुन्हा तेच. तो काटा १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आल्यावर मोडला, आणि अकरा वर्षांत यादवी पेटली.

लढाई झाली, १८६५ ला गुलामगिरी गेली. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली ते हेच. पण जोतीराव पुण्यात पुस्तक छापत होते तेव्हा तिकडं दुसराच हिशोब शिजत होता. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं पाचाला तीन संपलं, आता पाचाला पाच. म्हणजे हरलेल्या दक्षिणेच्या जागा वाढल्या! काळ्यांना मत असतं तर त्यात वावगं काही नव्हतं. काही वर्षं होतंही. १८७० ला मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स सिनेटवर गेला, पहिला काळा सिनेटर. मग उत्तरेनं सैन्य काढून घेतलं आणि १८९० ला त्याच मिसिसिपीनं, जिथं निम्म्याहून जास्त लोक काळे, नवी घटना करून मतावर कर लावला आणि घटनेचा अर्थ सांगायची परीक्षा ठेवली. परीक्षक गोरा. लुइझियानात १८९६ ला १ लाख ३० हजार काळ्यांची नावं मतदार यादीत होती, १९०४ ला साधारण तेराशे उरली. मत काढून घेतलं तर जागाही कमी करा, असं चौदाव्या दुरुस्तीत साफ लिहिलेलं होतं. ते कलम एकदाही वापरलं गेलं नाही. आता गोर्‍यांना पाचाला पाच मोजून मिळत होते आणि मत शून्य द्यावं लागत होतं. गुलामीपेक्षा फायद्याचा सौदा.

त्या जागांवर बसलेल्यांनी काय केलं ते एका विधेयकावरून बघा. काळ्या माणसाला झाडाला टांगून मारणार्‍या झुंडींविरुद्ध कायदा करा, एवढीच मागणी. १९२२ ला खालच्या सभागृहात पास, सिनेटमध्ये बोलून बोलून मारलं. १९३७ ला पास, सिनेटमध्ये मेलं. १९४० ला पास, तिथंच मेलं. तो कायदा झाला २०२२ च्या मार्चमध्ये. पहिल्यांदा पास झाल्यापासून शंभर वर्षांनी.

सिनेटची बरोबरी मात्र अजून शाबूत आहे. घटनेतच लिहून ठेवलंय की कुठल्याही राज्याच्या संमतीशिवाय सिनेटमधला त्याचा सारखा वाटा काढता येणार नाही. २०२० च्या मोजणीत कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख लोक, वायोमिंगमध्ये ५ लाख ७७ हजार. सिनेटर दोघांनाही दोन. आणि खुद्द राजधानी वॉशिंग्टन, ६ लाख ८९ हजार वस्तीची, कित्येक दशकं काळ्यांच्या बहुसंख्येची, तिला सिनेटर शून्य, कारण ती राज्य नाही. तुरुंगातले कैदी शिरगणतीत तुरुंगाच्या गावात धरले जातात. शहरातली काळी पोरं खेड्यातल्या तुरुंगात, बहुतेकांना मत नाही, पण त्या गावच्या गोर्‍या पुढार्‍याच्या मतदारसंघात डोकी म्हणून भरती. काही राज्यांनी अलीकडं ही पद्धत बदलली, बर्‍याच ठिकाणी चालू राहिली.

आपल्या घटनाकारांसमोर हा सगळा ताळेबंद होता. बाबासाहेब कोलंबियात शिकले, १९४६ ला त्यांनी ड्यू बॉइसना पत्र लिहून तिकडच्या काळ्यांच्या प्रश्नाची चौकशी केली. आपण सिनेट उचललं नाही. राज्यसभेत राज्यं सारखी नाहीत, पण निव्वळ डोकीही नाहीत. पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांना एक, पुढं दर वीस लाखांना एक, अशा उतरत्या मापानं जागा ठरल्या. म्हणून उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९, गोव्याला १. थोरला थोरलाच, पण जरा दाबून. तेवढ्यानं भागणार नाही हे बाबासाहेबांना दिसत होतं. १९५५ ला भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी उत्तर प्रदेशचे तीन, बिहारचे दोन, महाराष्ट्राचे चार तुकडे सुचवले. उत्तरेच्या दांडग्या राज्यांखाली दक्षिण चेपली जाईल ही चिंता त्यामागं होती. आणि दांडग्या राज्यात दांडग्या जातीखाली धाकटी जात चेपली जाते, ही दुसरी. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७६ ला १९७१ च्या शिरगणतीवर गोठवल्या आणि ८४ व्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ढकलली, त्याच्या मागं हेच जुनं दुखणं आहे.

पण राज्यसभेत राखीव जागा नाहीत, हे किती जणांच्या ध्यानात आहे? घटनेनं राखीव जागा दिल्या त्या लोकसभेत आणि विधानसभांत. वरच्या सभागृहाला आपली मोजणी लागूच नाही. १९५२ ला मुंबईत लोकसभेला पडल्यावर बाबासाहेब त्याच राज्यसभेत गेले आणि शेवटपर्यंत तिथंच होते.

आता पुन्हा पाटी घ्या, शेवटची. महाराष्ट्राच्या ४८ जागा लोकसंख्येवर. त्यातल्या राखीव किती, ते अनुसूचित जातींच्या शिरगणतीवर. १९५६ ला आपण धम्म घेतला. १९७१ च्या मोजणीत महाराष्ट्रात बौद्ध भरले सुमारे ३२ लाख. अनुसूचित जाती भरल्या सुमारे ३० लाख, म्हणजे शंभरात सहा, कारण बौद्ध त्यात धरलेच नव्हते. ४८ जागा मोजताना ही ३२ लाख डोकी धरली; राखीव जागा मोजताना वगळली. राज्याच्या वाट्याला आम्ही पाचाला पाच, आमच्या वाट्याला पाचाला शून्य. त्या हिशोबानं राखीव जागा बसल्या तीन: बुलढाणा, उस्मानाबाद, पंढरपूर. १९९० ला बौद्धांना अनुसूचित जातीत धरण्याचा कायदा झाला, १९९१ च्या शिरगणतीत आकडा शंभरात अकरावर गेला. तरी जागा तीनच, कारण मोजमाप गोठलेलं. २००८ ला मतदारसंघ नव्यानं आखले तेव्हा कुठं त्या पाच झाल्या: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. त्यावर पहिली निवडणूक झाली २००९ ला. १९५६ पासून मोजा, किती वर्षं भरतात.